गावातून जुनी वस्तू ऑनलाइन विकताना : खरेदीदाराची फेरी वाया जाऊ नये म्हणून

दारव्हा, मेहकर किंवा दर्यापूर तालुक्यातल्या एखाद्या गावातून जुना मोटारपंप, कूलर अथवा दुचाकी ओएलएक्सवर किंवा फेसबुक मार्केटप्लेसवर विकायला काढली, की पहिल्या दोन दिवसांत विचारणांची रांग लागते आणि महिना उलटला तरी वस्तू अंगणातच पडून राहते, हा अनुभव आता बहुतेकांच्या पदरी आहे. कोणी फक्त किंमत विचारून गप्प होतो, कोणी रविवारी येतो म्हणून दिवसभर वाट पाहायला लावतो, तर कोणी दारात उभा राहून ठरलेल्या किमतीतून हजार रुपये कापायला सांगतो.

यामागचे मुख्य कारण अंतर आहे. शहरातला माणूस एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत जाऊन जुने टेबल पाहून तासाभरात घरी परततो. आपल्याकडे वस्तू पाहायला येणाऱ्याचा निम्मा दिवस जातो, पेट्रोल जळते आणि हंगाम असेल तर मजुरीही बुडते. म्हणूनच तो निघण्यापूर्वी तेच तेच विचारतो, ऐनवेळी बेत बदलतो, आणि आलाच तर येण्याजाण्याचा खर्च किमतीतून वसूल करू पाहतो. विक्रेत्याने यावर चिडण्यात अर्थ नाही. जे पाहायला तो येणार आहे, त्यातले जेवढे त्याला घरबसल्या दाखवता येईल तेवढे आधीच दाखवावे, म्हणजे जो निघेल तो घेण्याच्या तयारीनेच निघेल.

वेळ आणि वस्तू

विदर्भातल्या गावांत पैसा खेळतो तो सोयाबीन निघाल्यावर आणि कापसाची पहिली वेचणी विकल्यावर. दुचाकी, मोबाइल, शिलाई मशीन, ट्रॅक्टर अशा वस्तूंना दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत खरे गिऱ्हाईक असते; जूनमध्ये घरातला पैसा बियाणे-खतात गुंतलेला असल्याने त्याच वस्तू पडत्या भावाने मागितल्या जातात. याला अपवाद हंगामी वस्तूंचा. कूलर फेब्रुवारीअखेर ते एप्रिलपर्यंत विकावा, कारण मृग लागला की त्याच्याकडे कोणी पाहत नाही. मोटारपंपाची मागणी हरभरा-गव्हाच्या ओलिताच्या वेळी वाढते, पेरणीयंत्राची मे महिन्यात आणि फवारणी पंपाची जुलै-ऑगस्टमध्ये. वस्तू लगेच विकण्याची निकड नसेल, तर हंगामाच्या आधीचे तीन आठवडे हीच जाहिरातीची योग्य वेळ आहे.

काही गोष्टी मात्र या बाजारात आणूच नयेत. फेसबुक मार्केटप्लेसच्या नियमांत जनावरांची विक्री बसत नाही, त्यामुळे बैलजोडीची जाहिरात काढून टाकली जाते आणि वारंवार टाकल्यास खात्यावरही निर्बंध येऊ शकतात; बैलांसाठी बाजाराचा दिवसच बरा. उरलेले कीटकनाशक किंवा बियाण्याची पाकिटे विकायला परवाना लागतो, तेव्हा ती जाहिरातीत टाकणे बेकायदेशीर ठरते. शासनाच्या अनुदानावर घेतलेला ठिबक संच किंवा रोटाव्हेटर विकण्यापूर्वी आपण सही केलेले हमीपत्र काढून वाचावे. अमुक वर्षांपर्यंत विकणार नाही अशी अट त्यात असते, आणि शंका असेल तर तालुका कृषी अधिकारी कार्यालयात विचारून घ्यावे.

जाहिरात

वस्तू धुऊन, पुसून, सकाळच्या उजेडात अंगणात ठेवून फोटो काढावेत. चारही बाजूंचे फोटो, कंपनीच्या पाटीचा स्पष्ट फोटो आणि जिथे मोडतोड, गंज किंवा डाग आहे तिथला अगदी जवळून घेतलेला फोटो, एवढे असलेच पाहिजेत. दोष दाखवला तर गिऱ्हाईक पळेल अशी भीती अनेकांना वाटते. प्रत्यक्षात दोष पाहूनही जो फोन करतो, तोच खरा गिऱ्हाईक असतो. उलट लपवलेला दोष दारात सापडला, की त्या एका दोषामुळे बाकीच्या चांगल्या भागांवरचाही विश्वास उडतो आणि सौदा मोडतो.

मोटारपंपाचे उदाहरण घेऊ, कारण आपल्या भागात सर्वाधिक वाद त्यावरूनच होतात. ‘मोटार विकणे आहे, चालू कंडिशन’ एवढ्याने कोणालाच काही कळत नाही. ती किती एचपीची आहे, विहिरीची की बोअरची, सिंगल फेज की थ्री-फेज, किती स्टेजची, किती हंगाम चालली, वायंडिंग कंपनीचे आहे की पुन्हा भरलेले, आणि सोबत स्टार्टर, पॅनेल व केबल देणार की नाही, हे सर्व लिहावे. मोटार पाण्यात असतानाच, पाइपातून पडणारी धार दिसेल असा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवावा. एकदा मोटार वर काढली की ती चालवून दाखवणे अवघड होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे शेतीच्या फीडरवर थ्री-फेज लाइन दिवसा आहे की रात्री, हे आठवड्यागणिक बदलत असेल तर पाहायला येणाऱ्याला नेमकी वेळ कळवावी. दूरवरून आलेला माणूस लाइन नसल्यामुळे मोटार न पाहताच परत गेला, तर तो पुन्हा येत नाही.

कूलरच्या बाबतीत पंख्याचा आकार, मोटार बदलली असल्यास तसा उल्लेख, खसच्या ताट्या कधी बदलल्या आणि टाकीच्या तळाचा फोटो आवश्यक आहे. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतल्या खारपाणपट्ट्यात लोखंडी टाकी क्षाराने खाल्ली जाते, आणि त्या भागातला माणूस कूलर पाहताना सर्वात आधी तळच चाचपतो.

फवारणी पंपाबद्दल मला कळकळीने सांगायचे आहे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. झाकणातून, नळीतून किंवा टाकीच्या सांध्यातून गळणारा पंप पाठीवर घेणाऱ्याच्या अंगावर औषध सांडतो. असा पंप ‘चालू’ म्हणून विकू नये. वायसर आणि नळी बदलून, साध्या पाण्याने भरून, गळत नाही याची खात्री करून आणि आतून स्वच्छ धुऊनच तो दुसऱ्याच्या हाती द्यावा, अन्यथा तो भंगारातच घालावा.

किंमत जाहिरातीतच लिहावी. ‘किंमत फोनवर’ असे लिहिल्याने निव्वळ चौकशीचे फोन वाढतात. आसपासच्या तालुक्यांत तशाच वस्तू कितीला लागल्या आहेत ते पाहावे, त्यात खरेदीदाराच्या येण्याजाण्याचा आणि वस्तू नेण्याच्या गाडीभाड्याचा विचार करावा, आणि आपण ज्याखाली जाणार नाही तो आकडा घरातल्या सर्वांना सांगून ठेवावा. तो सांगितलेला नसला, तर आपण शेतात असताना घरच्यांपैकी कोणीतरी भिडेखातर कमी आकड्याला होकार देऊन बसते.

ठिकाणाची नोंद करताना विशेष काळजी घ्यावी. अ‍ॅप पुष्कळदा जवळच्या शहराचे नाव आपोआप घेते आणि नागपूर किंवा अमरावतीचे लोक वस्तू शेजारीच आहे असे समजून फोन करतात. शिवाय वडगाव, पिंपळगाव अशा नावांची गावे कितीतरी तालुक्यांत आहेत. म्हणून जिल्हा, तालुका, मुख्य रस्त्यावरचा फाटा आणि फाट्यापासूनचे अंतर जाहिरातीच्या पहिल्या ओळीत लिहावे. मालवाहू गाडी घरापर्यंत येते की नाही, पावसाळ्यात नाल्यावरून पाणी असते का, हेही लिहिल्यास उत्तम.

फोन, येणे आणि इसार

‘भाऊ, केवढ्याले देता?’ हा प्रश्न जाहिरातीत किंमत असतानाही येतो, आणि त्याचा राग मानू नये. व्हॉट्सअ‍ॅपवर किंमत, दोष, पत्ता, वीज असण्याची वेळ आणि व्हिडिओ यांचा एक तयार मजकूर ठेवावा व प्रत्येकाला तोच पाठवावा. तो वाचून जो पुढचा नेमका प्रश्न विचारतो, त्याच्याशीच फोनवर बोलावे. भाव फोनवरच जवळजवळ पक्का करावा आणि स्पष्ट सांगावे की सांगितलेल्याहून वेगळा दोष निघाला तर किंमत कमी होईल, पण डिझेलच्या नावाने कमी होणार नाही. हे आधी बोलून घेतले की दारातली घासाघीस बरीच कमी होते.

‘येऊन राहिलो’ म्हणणारा माणूस निघालेला असतोच असे नाही. तालुक्याच्या ठिकाणी पोहोचल्यावर फोन करायला सांगावे आणि तो फोन आल्यावरच शेतातून घरी यावे. वस्तू राखून ठेवायची असेल तर दोनशे ते पाचशे रुपयांचा इसार घ्यावा आणि किती दिवसांपर्यंत राखू, वस्तू पसंत न पडल्यास इसार परत देऊ की नाही, हे मेसेजमध्ये लिहून पाठवावे. इसार घेतल्यावर अधिक भाव देणारा दुसरा आला तरी शब्द मोडू नये. आपला बाजार चार-पाच तालुक्यांचा, त्यात नाव एकदा गेले की पुढच्या वस्तूला फोन येत नाहीत. इसार न देणाऱ्यासाठी मात्र दुसऱ्याला थांबवून ठेवण्याचे काही कारण नाही, आणि हेही त्याला आधीच सांगावे.

जाहिरातीइतकाच उपयोग मोटार भरणारा वायंडिंगवाला, कृषी केंद्राचा दुकानदार आणि गॅरेजवाला यांचा होतो. त्यांच्याकडे मजकूर आणि फोटो पाठवून ठेवावेत. त्यांनी पाठवलेला माणूस वस्तूची थोडीफार माहिती घेऊन येतो, त्यामुळे त्याची फेरी सहसा रिकामी जात नाही.

पैसे

वस्तू न पाहता, भाव न करता, लगेच पूर्ण पैसे पाठवायला तयार असलेला खरेदीदार दिसला की सावध व्हावे. सैन्यात असल्याचे सांगून, ओळखपत्राचा फोटो पाठवून, ‘पैसे घेण्यासाठी हा क्यूआर कोड स्कॅन करा’ असे सांगणाऱ्या टोळ्यांनी देशभर अनेकांना फसवले आहे. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही आणि कोडही स्कॅन करावा लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे आपल्या खात्यातून जातात. चुकून जास्त रक्कम पाठवली, उरलेली परत करा, असे सांगणाऱ्यालाही खात्यातली शिल्लक स्वतः तपासल्याशिवाय एक रुपया पाठवू नये. पैसे जमा झाल्याचा एसएमएस आणि स्क्रीनशॉट दोन्ही खोटे बनवता येतात, तेव्हा बँकेच्या अ‍ॅपमध्ये जमा दिसल्यावरच वस्तू गाडीत चढवावी. गावात नेटवर्क नीट नसेल, तर पैशाचा व्यवहार फाट्यावर किंवा बँकेसमोर करण्याचे आधीच ठरवावे. तरीही फसवणूक झालीच, तर एका क्षणाचाही उशीर न करता सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करावा. पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी रोखले जाण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते.

ट्रॅक्टरसारख्या मोठ्या व्यवहारात व्यक्तीकडून व्यक्तीला यूपीआयने दिवसाला साधारण १ लाख रुपयांपर्यंतच पाठवता येतात, आणि एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारायला आयकर कायद्याने मनाई आहे. म्हणून खरेदीदारासोबत बँकेत जाऊन रक्कम थेट खात्यात घ्यावी.

कागदपत्रे

दुचाकी किंवा ट्रॅक्टर विकताना नुसत्या स्टॅम्पपेपरवर लिहून घेऊन किल्ली देण्याची पद्धत गावोगाव आहे, आणि ती धोक्याची आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५० नुसार विक्रेत्याने हस्तांतरणाची माहिती १४ दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवायची असते. नोंदणीत नाव आपलेच राहिले आणि पुढे त्या गाडीने अपघात झाला, तर भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात स्पष्ट केले आहे. त्या प्रकरणात गाडी पुढे अनेक हातांत गेलेली होती.

त्यामुळे व्यवहाराच्या दिवशीच हस्तांतरणाच्या फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या घ्याव्यात आणि शक्य तर त्याच दिवशी सेवा केंद्रात बसून परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर अर्ज भरावा. ओटीपी नोंदणीशी जोडलेल्या मोबाइलवर येतो, म्हणून जुना क्रमांक बंद झाला असेल तर तो जाहिरात टाकण्यापूर्वीच बदलून घ्यावा. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ देऊन बोजा आधी उतरवावा. खरेदीदार अदिलाबाद किंवा बालाघाटकडचा, म्हणजे परराज्यातला असेल, तर फॉर्म २८ चे ना-हरकत प्रमाणपत्र लागते आणि त्याला वेळ लागतो, हे त्याला फोनवरच सांगावे. एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा नोंदणी पाटी बसवलेली आहे की नाही, हेही जाहिरातीत लिहावे.

मोबाइल विकण्यापूर्वी बँकेची आणि यूपीआयची अ‍ॅप्स काढावीत, सिम आणि मेमरी कार्ड काढावे, गुगल खाते आधी हटवावे आणि मगच फोन फॅक्टरी रिसेट करावा. खाते न हटवता रिसेट केल्यास फोन नव्या मालकाकडे कुलूपबंद होऊ शकतो आणि तो पुन्हा आपल्या दारात येतो. *#०६# दाबून दिसणारा आयएमईआय क्रमांक, किंमत, तारीख आणि खरेदीदाराची सही एका कागदावर घेऊन त्याच्या ओळखपत्राची प्रत जोडावी. खरेदीदाराला केंद्र सरकारच्या संचार साथी अ‍ॅपवर तो क्रमांक तपासायला आपणच सांगावे, म्हणजे फोन चोरीचा नाही हे त्यालाही कळते.

विक्री झाल्यावर जाहिरात त्याच संध्याकाळी काढून टाकावी आणि ज्यांच्याशी बोलणे चालू होते त्या सर्वांना वस्तू गेल्याचे कळवावे, कारण त्यांच्यापैकी कोणीतरी दुसऱ्या दिवशी निघणारच असतो. खरेदीदाराशी झालेले मेसेज, पावती आणि फॉर्मच्या प्रती मात्र गाडी त्याच्या नावावर झाल्याचे नोंदणीत दिसेपर्यंत जपून ठेवाव्यात.