नाव मुंबईत ठेवायचं की गावी, आणि ठेवलेलं नाव यादीत टिकवायचं कसं

मतदानाच्या दिवशी आमच्याकडे कोकणात कुठल्याही केंद्राबाहेर बघा, रात्रीच्या गाडीने मुंबईहून आलेला कोणीतरी हातात मतदार कार्ड घेऊन उभा असतो आणि यादीत त्याचं नावच सापडत नाही. कार्ड खरं असतं, पण मत मिळतं ते यादीतल्या नावावर. उलट नाव यादीत असेल आणि कार्ड हरवलं असेल तर आधार, पॅन, लायसन्स, पासपोर्ट, फोटोवालं बँक पासबुक किंवा रोजगार हमीचं जॉबकार्ड दाखवूनही मत देता येतं. म्हणून आधी यादी बघा, कार्डाचं नंतर बघू.

निवडणूक आयोगाच्या व्होटर्स पोर्टलवर कार्डाचा नंबर टाकून शोधा, नाहीतर १९५० ला फोन लावा. नावाने शोधत बसू नका, आपल्याकडे अख्खी वाडी एका आडनावाची, त्यात बापाचं नाव पण सारखं निघतं. नाव सापडलं की यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक लिहून ठेवा, केंद्रावर तेच विचारतात. विधानसभा मतदारसंघ पण नीट बघा, देवगडवाले कणकवलीत, मालवणवाले कुडाळात आणि वेंगुर्ला-दोडामार्गवाले सावंतवाडीत येतात. दापोली आणि गुहागर जिल्ह्याने रत्नागिरीत असले तरी लोकसभेला मत रायगडला देतात.

आता चाकरमान्यांचा प्रश्न. दोन्हीकडे नाव ठेवता येत नाही, १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात स्पष्ट लिहिलंय की एक माणूस एकाच ठिकाणी, आणि अर्जात खोटं लिहून दिलं तर १ वर्षापर्यंत कैद होऊ शकते. गावात घर आहे, सातबाऱ्यावर नाव आहे, घरपट्टी भरतो, एवढ्यावर तुम्ही तिथले मतदार होत नाही, तुमचं नेहमीचं राहणं कुठे आहे ते बघतात. पण जो खलाशी हंगामभर गोव्याच्या बोटीवर असतो आणि घर-बिऱ्हाड गावातच आहे त्याचं नाव तात्पुरतं बाहेर गेल्यामुळे जात नाही. माझं मत सांगायचं तर जिथे तुमची मुलं शाळेत जातात आणि जिथलं पाणी तुम्ही रोज भरता तिथेच नाव ठेवा, गावाबद्दल जीव तुटतो हे मला कळतं, पण गावच्या नळयोजनेचा निर्णय तिथे बारा महिने राहणाऱ्यांनी घेतलेला बरा.

नाव हलवायचं असेल तर फॉर्म ८ भरायचा. सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, लोक नव्या ठिकाणी नवीन मतदाराचा फॉर्म ६ भरून मोकळे होतात आणि जुनं नाव तसंच राहतं, मग दुबार नाव म्हणून बोंबाबोंब. २०२२ पासून पत्ता बदल, दुरुस्ती, नवीन कार्ड सगळं फॉर्म ८ मध्येच आहे. लग्न होऊन आलेल्या मुलीचं नाव माहेरच्या यादीत असेल तर तिला पण हाच. फॉर्म ६ फक्त पहिल्यांदा नाव घालणाऱ्याला, आणि १७ पूर्ण झालेल्या पोराला पण आगाऊ भरता येतो, कारण १८ पूर्ण झाली का हे बघायला आता वर्षात १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर अशा चार तारखा धरतात.

बंद घरांचं मात्र नीट वाचा. बीएलओ, म्हणजे आपल्या केंद्राची यादी सांभाळणारा माणूस, बहुतेक अंगणवाडीच्या बाई नाहीतर गुरुजी, पडताळणीला येतात तेव्हा दाराला कुलूप असतं, शेजारची आजी खळ्यातून सांगते "ते मुंबैक असतत, गणपतीक येतत", आणि बीएलओच्या कागदावर स्थलांतरित असा शेरा पडू शकतो. नाव काढण्याआधी नोटीस द्यावी लागते हे खरं, पण ती त्याच कुलूपबंद घराच्या पत्त्यावर गेली तर तुम्हाला कळणार कसं? त्यामुळे जे खरंच गावचे आहेत पण पोराकडे चार महिने जाऊन राहतात, आईवडील विशेषतः, त्यांनी मोबाईल नंबर फॉर्म ८ ने जोडून घ्या आणि बीएलओला भेटून सांगून ठेवा. नाव गेलंच तर आदेशापासून १५ दिवसांत कलेक्टरकडे अपील करता येतं.

ग्रामपंचायत आणि झेडपीचं गणित वेगळं आहे. ती निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो पण यादी विधानसभेचीच, एका ठरलेल्या तारखेची उचलून प्रभागवार फोडतात. २०२५-२६ च्या झेडपी-नगरपालिकांना १ जुलै २०२५ ची यादी धरली होती, त्यानंतर नाव घातलेल्याला तिथे मत नव्हतं. प्रारूप यादी लागली की लगेच बघा, आपली वाडी दुसऱ्याच प्रभागात टाकलेली असते कधीकधी, त्यावर हरकत त्या मुदतीतच घ्यायची. नवीन नाव मात्र त्या टप्प्यावर घालून मिळत नाही. ग्रामपंचायतीला सरपंचाचं एक मत आणि प्रभागात जितके सदस्य तितकी मतं, झेडपीच्या वेळी झेडपीच्या गटाचं एक आणि पंचायत समितीच्या गणाचं एक, सगळी बटणं दाबून झाल्याशिवाय बाहेर पडू नका.

केंद्रावर तुमच्या नावावर आधीच कोणी मत टाकून गेला असेल तर गप्प घरी येऊ नका. लोकसभा-विधानसभेला केंद्राध्यक्षाकडे प्रदत्त मत मागा, ओळख पटवून दिलीत की कागदी मतपत्रिका मिळते, ती वेगळ्या पाकिटात जाते. या दोन निवडणुकांत ८५ च्या पुढच्यांना आणि ४० टक्के अपंगत्व असलेल्यांना घरून मत देता येतं, त्यासाठी फॉर्म १२ डी निवडणुकीच्या अधिसूचनेपासून ५ दिवसांत द्यायचा.

निकालानंतर तुमच्या केंद्रावर कोणाला किती पडली ते बघायचं असेल तर फॉर्म २० शोधा, मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या साईटवर असतो. त्यात एकेका केंद्राची एक ओळ, पुढे प्रत्येक उमेदवाराची मतं, नोटा, एकूण आणि शेवटी प्रदत्त मतं किती ते पण. उमेदवाराची मालमत्ता आणि गुन्हे फॉर्म २६ च्या शपथपत्रात, ते मतदानाआधीच आयोगाच्या साईटवर टाकलेलं असतं, डाउनलोड करून वाडीच्या ग्रुपवर टाका.