म्हातारा फौजी अंथरुणाला खिळला की : पैशाच्या बाबतीत या चुका टाळा

सासरे तोफखान्यातून हवालदार म्हणून रिटायर झालेले. ८३व्या वर्षी पॅरालिसिस झाला तेव्हा घरात जो तो म्हणायचा, 'फौजीला सरकार बघतंय की.' बघतं, खोटं नाही. पण सांभाळणाऱ्या बाईचा पगार, डायपर, हवेची गादी या सगळ्यासाठी म्हणून एकच योजना कुठं नाही. थोडं पेन्शनीतून, थोडं ईसीएचएस म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतून, थोडं माजी सैनिकांसाठीच्या सैनिक बोर्डाकडून असं जमवावं लागतं आणि दर ठिकाणी कुठला ना कुठला जुना कागद आडवा येतो. आमच्या बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात फौजींची घरं पुष्कळ, त्यामुळं नंतर शेजारपाजारच्यांचेही कागद बघत गेले. चुका बहुतेक त्याच त्या.

पहिली आमचीच. बेळगावात कॅम्पात मराठा सेंटर आहे, म्हणून फौजीच्या नोकरीचं रेकॉर्ड तिथल्या रेकॉर्ड ऑफिसातच असणार असं धरून चाललो. ते मराठा लाइट इन्फंट्रीवाल्यांचं. तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं (इंजिनिअर) खडकीला, ईएमईचं (गाड्या-यंत्रं दुरुस्त करणारे) सिकंदराबादला. दोन फेऱ्या फुकट गेल्यावर गल्लीतल्या एका सुभेदारसाहेबांनी डिस्चार्ज बुक (नोकरीतून सुटताना मिळालेलं पुस्तक) उघडून पहिल्याच पानावर बोट ठेवलं : रेकॉर्ड कुठलं ते तिथंच लिहिलेलं होतं.

बायकोची जन्मतारीख

ही चूक सगळ्यात महागात पडते. वयाच्या ८०व्या वर्षी मूळ पेन्शनवर २० टक्के वाढ मिळते. ८५ला ३०, ९०ला ४०, ९५ला ५० आणि शंभरी गाठली की १०० टक्के. त्यावर महागाई भत्ता वेगळा. फौजीचं सहसा अडत नाही, कारण त्याची जन्मतारीख भरतीच्या दिवसापासून नोंदलेली असते. अडतं त्याच्या माघारी राहिलेल्या बायकोचं. कुटुंब पेन्शनीलाही हीच वाढ लागू आहे, पण जुन्या पीपीओत, म्हणजे पेन्शनच्या मंजुरीच्या कागदात, तिच्या नावापुढं तारीखच नसते. त्यात आपल्या भागातली खास भानगड म्हणजे नावं. एका आजींचं नाव पीपीओत 'गंगूबाई' आणि आधारवर 'गंगव्वा'. आधार करणाऱ्यानं त्याच्या कानाला बरं वाटलं ते लिहिलं, आणि आजींना सही येत नाही तर वाचणार कोण?

नवरा हयात असतानाच पीपीओ काढून बघा. बायकोचं नाव, जन्मतारीख, स्पेलिंग तपासा. फरक असेल तर आधीच आधार पीपीओप्रमाणं करून घेणं सोपं. पीपीओच चुकीचा असेल तर कागद त्या त्या रेकॉर्ड ऑफिसला पाठवावे लागतात, आणि त्याला वेळ लागतो.

हयातीचा दाखला

नोव्हेंबरात द्यायचा. ८० ओलांडलेल्यांना १ ऑक्टोबरपासून देता येतो. माणूस उठू शकत नाही म्हणून 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणतात आणि ऐन औषधाच्या खर्चात पेन्शन थांबते. आयुष्यभर औत धरलेल्या बोटांचे ठसे मशीनवर उमटत नाहीत, हेही एक कारण. मोबाइलवर चेहरा दाखवून जीवन प्रमाण, म्हणजे हाच दाखला ऑनलाइन, करता येतं. नाहीतर पोस्टमनला घरी बोलवा, ७० रुपये घेतात.

ईसीएचएसकडून भलतीच अपेक्षा

ईसीएचएस दवाखान्याचा खर्च देतं, घरी ठेवलेल्या बाईचा पगार नाही. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, बायपॅप (श्वासाचं मशीन), कानाचं मशीन अशा वस्तू मिळू शकतात, पण आधी पॉलिक्लिनिकमधून (ईसीएचएसच्या दवाखान्यातून) मंजुरी आणि मग खरेदी. आधी विकत घेऊन बिल पुढं केलंत तर ते बिल घरीच राहतं. रात्री-अपरात्री ईसीएचएसच्या यादीबाहेरच्या दवाखान्यात न्यावं लागलं, तर ४८ तासांच्या आत जवळच्या पॉलिक्लिनिकला कळवा. डॉक्टरांशी बोलण्यात, रडारडीत दोन दिवस कसे जातात कळत नाही, म्हणून हे काम घरातल्या एकाच माणसाकडं सोपवून ठेवा. परतावाही ठरलेल्या दरानंच मिळतो, बिलाच्या आकड्यानं नाही.

गावात कुणी ७० वर्षांवरच्यांचं आयुष्मान कार्ड काढून देतो म्हणालं, तर लगेच अंगठा देऊ नका. ईसीएचएसवाल्यांना दोन्हींपैकी एकच निवडावं लागतं.

'अटेंडन्स अलाउन्स मिळतो म्हणे' हेही कानावर येतं. कॉन्स्टंट अटेंडन्स अलाउन्स, म्हणजे सांभाळायला माणूस ठेवण्यासाठीचा भत्ता, आहे खरा. २०१७मध्ये तो महिना ६,७५० रुपये झाला. पण तो नोकरीमुळं आलेल्या १०० टक्के अपंगत्वाच्या पेन्शनवाल्यांना, तेही मेडिकल बोर्डानं शिफारस केली तरच. म्हातारपणी आलेल्या पॅरालिसिसला तो लागू नाही. आमचे चार महिने यातच गेले.

पेन्शन नसलेल्यांनी गप्प बसणं

पेन्शनीइतकी नोकरी न होता सुटून आलेले कितीतरी आहेत. 'आम्हाला काय मिळणार' म्हणून ते ओळखपत्रही ट्रंकेत टाकून देतात. हवालदारापर्यंतच्या हुद्द्याचे, ६५ वर्षांवरचे, पेन्शन नसलेले माजी सैनिक आणि त्यांच्या विधवा यांना केंद्रीय सैनिक बोर्डाचं पेन्युरी ग्रँट (हलाखीतल्यांसाठीची मदत) आहे. पूर्वी महिना ४,००० रुपये होतं, १ नोव्हेंबर २०२५पासूनच्या अर्जांना ८,००० झालंय. एका बाईचा पगार पुरा नाही, पण बराचसा निघतो.

अर्ज केंद्रीय सैनिक बोर्डाच्या वेबसाइटवर भरायचा, तपासणी जिल्ह्याच्या सैनिक कार्यालयात होते. सीमेवरची गफलत इथंच होते. निपाणीचा माणूस, पोरगा कोल्हापुरात, म्हणून नोंदणी कधीतरी कोल्हापूरला केलेली आणि आधारवर पत्ता कर्नाटकाचा. मग दोन्ही कार्यालयं एकमेकांकडं बोट दाखवतात. ग्रँट केंद्राचं असल्यानं रक्कम अल्याड-पल्याड सारखीच, तेव्हा राहता त्या जिल्ह्यात नोंदणी बदलून घ्या. आणि नाडकचेरीचा (कर्नाटकातल्या महसूल कचेरीचा) दाखला कन्नडमध्ये येतो, फाइल दिल्लीला जाते. सोबत इंग्रजी भाषांतर नोटरी करून लावा.