स्ट्रिंगला ॲरे समजल्यामुळे होणारे घोटाळे कसे शोधावेत

फंक्शनला नावांची यादी, म्हणजे ॲरे, हवी होती. तुम्ही चौकोनी कंस न घालता नुसतंच ‘समीर’ दिलं, म्हणजे स्ट्रिंग (साधा मजकूर). पायथनने त्यावर लूप फिरवला आणि स, म, ी, र असे चार तुकडे काढून दिले. एरर नाही, वॉर्निंग नाही. चार ‘माणसांची’ नोंद मात्र डेटाबेसमध्ये गेली.

यादीच्या जागी चुकून एखादी संख्या दिली असती, तर प्रोग्राम तिथेच अडला असता. स्ट्रिंग अडत नाही. तिला लांबी असते, इंडेक्स (घटकाचा क्रमांक) चालतो, लूप फिरतो, ‘हे यात आहे का’ हा प्रश्नही चालतो. म्हणून चूक एका ठिकाणी होते आणि तिचा परिणाम भलतीकडेच दिसतो.

पायरी 1: लक्षणं ओळखा

आउटपुटमध्ये शब्दाऐवजी सुटी अक्षरं दिसतात. यादीत एकच गोष्ट असताना मोजणी पाच-सात येते. एखादी की (घटकाचं नाव) मागितली तर एकच अक्षर मिळतं. किंवा दोन नोंदी असताना सगळं सुरळीत चालतं आणि एकच असली की बिघडतं. यातलं काहीही दिसलं, तर आधी स्ट्रिंगवर संशय घ्या.

पायरी 2: नुसती किंमत छापू नका, प्रकारही छापा

घाईत आपण व्हेरिएबल तेवढं प्रिंट करतो. तिथे ‘समीर’ दिसतं आणि समाधान होतं. प्रकार विचारा: पायथनमध्ये टाइप, पीएचपीमध्ये व्हार-डंप. जावास्क्रिप्टमध्ये टाइपऑफ ॲरेलाही ‘ऑब्जेक्ट’च म्हणतं, त्यामुळे तिथे ॲरे-डॉट-इझॲरे वापरा. लांबीवरून अंदाज बांधण्यात अर्थ नाही, ती दोघांनाही असते.

पायरी 3: स्ट्रिंग कुठून घुसली ते शोधा

नेहमीच्या जागा मोजक्याच आहेत. वेब पत्त्यातला पॅरामीटर एकदा आला तर स्ट्रिंग आणि दोनदा आला तर ॲरे, असं काही फ्रेमवर्क करतात. एक्सएमएल वाचणाऱ्या बऱ्याच लायब्रऱ्यांचीही हीच तऱ्हा: टॅग एकच असेल तर एकटी किंमत, जास्त असतील तर यादी. पायथनमध्ये गोल कंसात एकटी स्ट्रिंग लिहून शेवटचा स्वल्पविराम विसरला, तर टपल (न बदलता येणारी यादी) बनतच नाही, स्ट्रिंगच राहते. यादीत एक घटक जोडणाऱ्या अपेंडऐवजी अनेक घटक जोडणारं एक्स्टेंड वापरलं, तर शब्दाची अक्षरं सुटी होऊन शेवटी जोडली जातात.

पीएचपीचा जुना कोड सांभाळत असाल, तर आवृत्ती आधी बघा. 5.4 च्या आधी, ॲरेच्या जागी स्ट्रिंग असताना ‘नाव’ ही की मागितली, तर ती शून्य धरली जायची आणि पहिला बाइट हाती यायचा. ‘ही की आहे का’ असं इसेट या तपासणीला विचारलं तरी ‘हो, आहे’ असंच उत्तर! 5.4 पासून इसेट ‘नाही’ म्हणू लागलं. 8.0 पासून तशी की वाचायला गेलं की थेट टाइप-एरर येते. अपग्रेड केल्यावर अचानक एररचा पाऊस पडला, तर नव्या आवृत्तीला दोष देऊ नका. तो कोड आधीपासूनच चुकीचं उत्तर देत होता.

पायरी 4: आत येतानाच यादी करून घ्या

प्रत्येक फंक्शनमध्ये ‘स्ट्रिंग आहे का?’ अशी तपासणी पेरत बसू नका. डेटा प्रोग्राममध्ये जिथे शिरतो, तिथेच एक छोटं फंक्शन ठेवा: स्ट्रिंग आली तर ती एकाच घटकाच्या यादीत गुंडाळा, यादी आली तर तशीच पुढे जाऊ द्या, बाकी काहीही आलं तर एरर द्या. त्यापुढच्या कोडने फक्त यादीच गृहीत धरायची.

पायथनमध्ये टाइप हिंट (कोणत्या प्रकारची किंमत हवी ते सांगणारी नोंद) लिहित असाल तर एक मेख आहे. ‘स्ट्रिंगांचा सीक्वेन्स’ (क्रमवार संच) अशी हिंट दिली, तर एकटी स्ट्रिंगही त्यात बसते, कारण तिचा प्रत्येक तुकडा पुन्हा स्ट्रिंगच असतो. टाइप तपासणारं साधन काहीच बोलणार नाही. तिथे सरळ लिस्ट लिहा.

पायरी 5: परवानगीच्या तपासण्या स्वतंत्रपणे बघा

सगळ्यात धोकादायक प्रकार हाच. वापरकर्त्याच्या भूमिकांच्या यादीत ‘संपादक’ आहे का, असं तुम्ही विचारता. भूमिका ॲरेमध्ये असतील, तर अख्खा शब्द जुळवला जातो. पण तिथे ‘उपसंपादक’ अशी नुसती स्ट्रिंग असेल, तर तिच्या पोटात ‘संपादक’ सापडतो आणि उत्तर ‘हो’ येतं. जावास्क्रिप्टचं इन्क्लूड्स आणि पायथनचं इन, दोन्ही असंच वागतात. अशा प्रत्येक ओळीपूर्वी ती खरंच यादी आहे याची खात्री करणारी तपासणी असायलाच हवी.

पायरी 6: अक्षर बदलायचं असेल तर नवी स्ट्रिंग बनवा

पायथन स्ट्रिंगमधलं इंडेक्सवरचं अक्षर बदलू देत नाही, एरर देतं. जावास्क्रिप्टमध्ये साध्या मोडमध्ये अक्षर बदलणारी ओळ मुकाट दुर्लक्षिली जाते आणि कडक नियमांच्या स्ट्रिक्ट मोडमध्ये एरर येते. मॉड्यूल फाइल आपोआप स्ट्रिक्ट असते, त्यामुळे तीच ओळ दोन फाइलींत दोन प्रकारे वागू शकते. पीएचपी बदलू देतं, पण पूर्ण शब्द दिला तरी त्याचा पहिला बाइटच घेतं, आणि स्ट्रिंगच्या टोकापलीकडे लिहिलं तर मधली जागा स्पेसने भरतं.

पायरी 7: देवनागरीवर इंडेक्स वापरताना थांबा

‘किती’ हा शब्द आपल्याला दोन अक्षरांचा दिसतो. पायथन आणि जावास्क्रिप्टमध्ये त्याची लांबी 4, कारण वेलांट्या वेगळ्या मोजल्या जातात. पीएचपीचं लांबी सांगणारं स्ट्रलेन बाइट मोजून 12 सांगतं, कारण मजकूर साठवण्याच्या यूटीएफ-8 पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेतं. त्यातला पहिला बाइट सगळ्या देवनागरी चिन्हांसाठी एकच असतो. म्हणजे पीएचपीमध्ये शून्याव्या इंडेक्सवरून नावं आद्याक्षरानुसार लावायला गेलात, तर अनघापासून ज्ञानेशपर्यंत सगळे एकाच गटात पडतील. स्ट्रिंगचा तुकडा काढणारं एमबी-सबस्ट्र वापरलं तर निदान अख्खं चिन्ह मिळतं, पण ‘कि’ मागितल्यावर ‘क’च हाती येतो. वाचक ज्याला अक्षर म्हणतो ते हवं असेल, तर पीएचपीमध्ये ग्राफीम-सबस्ट्र आणि जावास्क्रिप्टमध्ये इंटल-सेगमेंटर वापरा.

पायरी 8: तीन चाचण्या लिहा

अनेक घटकांची यादी, एकच घटक आणि रिकामी स्ट्रिंग. तिसरी बहुतेक जण वगळतात. रिकाम्या स्ट्रिंगचे स्वल्पविरामावर तुकडे केले, तर पायथन, जावास्क्रिप्ट आणि पीएचपी तिघेही रिकामी यादी न देता एक रिकामी स्ट्रिंग असलेली यादी देतात, म्हणजे मोजणी 1. ‘काहीच निवडलं नाही’ याचा अर्थ तुमच्या प्रोग्राममध्ये शून्य घटक असेल, तर तुकडे करण्याआधीच रिकामी स्ट्रिंग वेगळी काढा.