परसात सावलीचा मांडव घालताय? पश्चिमेची बाजू आधी बघा

सांगलीत मे महिन्यात दुपारी साडेबाराच्या सुमाराला ऊन जवळजवळ डोक्यावर असतं, त्यामुळं मांडवाची सावली बरोब्बर खाली पडते आणि आपल्याला वाटतं काम झालं, पण चार वाजता तीच सावली 8 फूट उंचीच्या मांडवाला नऊ-दहा फूट पूर्वेला सरकते आणि चहाला बसायच्या टायमाला ओट्यावर ऊन! म्हणून छत पश्चिमेकडं शक्य तेवढं पुढं काढा, आणि त्याच बाजूला शेडनेटचा पडदा खाली सोडा, वर गुंडाळता येईल असा. हे आमच्याकडं नंतर कळलं.

नेट 75 टक्केवालं, म्हणजे तेवढं ऊन अडवणारं घ्या, 50 टक्क्याचं रोपांना ठीक, माणसांना बसायला कमी पडतं. यूव्ही स्टॅबिलाइज्ड, म्हणजे उन्हानं लवकर न विरणारं आहे का ते विचाराच.

खांबांना जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप बरा. पण काळी जमीन असेल तर खड्डा उथळ अजिबात नको, ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, खांब हलतोच. निदान 2 फूट खोल खणा, तळाला मुरूम चोपा, मग काँक्रीट. वळवाच्या वाऱ्यात नेट शिडासारखं फुगतं, ढिलं ठेवू नका, आणि आभाळ भरून आलं की पडदा आधी गुंडाळा.