हात कधी सोडायचे

पस्तिशीत मल्लखांब शिकायला गेले, तेव्हा वर्गात माझ्याखालोखाल मोठी मुलगी होती अकरा वर्षांची. पहिल्या दिवशी सरांनी खांबाला नुसती मिठी मारायला लावली. "कुठे कुठे लागतोय खांब?" म्हणाले. मी म्हटलं, हातांना. "मग पडाल."

ते खरं होतं, पण कळायला दोन महिने गेले. नव्याने येणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवा: हात चढायला. टिकायचं मांड्यांवर, घोट्यांवर, काखेत. बाळंभट्ट देवधरांनी पेशवाईच्या अखेरीस ही विद्या पुन्हा रुजवली असं सांगतात, तीही कुस्तीच्या मेहनतीसाठी. खांब म्हणजे जागचा न हलणारा मल्ल. मल्लाला कोणी नुसत्या पंज्यांनी धरत नाही.

माझं घोडं अडलं साध्या अढीवर. हातांनी खांब धरायचा, पाय वर फेकायचे, मांड्यांत खांब आवळायचा, मग हात सोडायचे. डोकं खाली. माझे पाय वर जायचे, पण खांब यायचा गुडघ्यांमध्ये. गुडघा म्हणजे नुसतं हाड, ते निसटतं. मांडीचं मांस दाबलं जातं आणि धरून ठेवतं. कंबर खांबाला भिडवली तेव्हा कुठे पकड वर सरकली. त्याआधी एकदा घाईने हात सोडले आणि खांद्यावर आपटले. सरांनी मान सावरली म्हणून बरं. तेव्हापासून उलटं लटकताना हनुवटी छातीशी. आणि गादी नसेल तिथे खांबाला हातसुद्धा लावू नका.

लेगिंग घालून येऊ नका, कापड सरकतं. अंगठ्या, साखळ्या घरी. खांबाला एरंडेल लावतात ते कातडी सोलू नये म्हणून, पण बोटभर जास्त झालं की आपण थेट खाली. हाताला क्रीम लावून आलेली एक बाई पहिल्याच उडीत गादीवर बसली होती. (ती मीच.)

दोरीच्या मल्लखांबाची तऱ्हा वेगळी. तिथे पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात दोरी धरायची. ती जागा आधी लाल होते, मग सोलते, मग घट्टा पडतो. घट्टा पडेपर्यंत चपलेचा अंगठासुद्धा नकोसा होतो.

या सगळ्याचा एक उपयोग भलतीकडेच झाला. लोकलमध्ये मी पूर्वी वरच्या कडीला लोंबकळायचे आणि दादरपर्यंत खांदा भरून यायचा. आता पाय थोडे फाकवून उभी राहते, कंबर पाठीमागच्या फळीला टेकवते, दांडा कोपराच्या खोबणीत. हात मोबाईलला मोकळा.

मांड्यांच्या आतल्या बाजूला निळे डाग पडतात. चार महिने झाले तरी माझे पुरते गेलेले नाहीत. परवा अढीत पाच आकडे मोजून झाले. खाली उतरले तर ती अकरा वर्षांची कमरेवर हात ठेवून उभी. "ताई, सगळं बरोबर होतं गं. पण तू श्वास का धरून ठेवतेस?"