अंगणातील पोहण्याचा तलाव: शेवटच्या टप्प्यात या चुका टाळा

कर्जत, लोणावळा किंवा अलिबागकडे बंगल्याच्या आवारात पोहण्याचा तलाव बांधला जातो, तेव्हा काँक्रीट पडेपर्यंत सगळ्यांचे लक्ष कामावर असते. सळ्या मोजल्या जातात, मालक दर रविवारी चक्कर मारतात, चहाबरोबर फोटो निघतात. टाकी उभी राहिली की मात्र काम संपल्यासारखे वाटू लागते. वास्तुशांतीची किंवा मे महिन्याच्या सुट्टीची तारीख ठरते आणि उरलेले सगळे त्या तारखेच्या आत कसे बसवायचे एवढाच प्रश्न शिल्लक राहतो. अशा कामांवर देखरेख करताना मी पाहिलेले बहुतेक दोष याच शेवटच्या दीड-दोन महिन्यांतले आहेत. याचे कारण असे की, या टप्प्यात प्रत्येक कारागीर आधीच्याचे काम झाकत जातो. वॉटरप्रूफिंगवाला काँक्रीट झाकतो, लादीवाला वॉटरप्रूफिंग झाकतो आणि शेवटी भोवतालची फरशी पाइप झाकते. झाकण्याआधी तपासले नाही, तर पुढे तपासायचे म्हणजे फोडायचे.

हिशेबाला सोपे जावे म्हणून येथे एकच तलाव धरू: आतून ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि पाण्याची सरासरी खोली १.२ मीटर. यात सुमारे ३८,४०० लिटर पाणी मावते, म्हणजे दहा हजारांचे चार टँकर.

कोरी टाकी पूर्ण न भरता पुढे जाणे

टँकरचे पैसे वाचवण्यासाठी टाकीत गुडघाभर पाणी भरून 'चाचणी झाली' असे सांगण्याची पद्धत फार रुळलेली आहे. वास्तविक गळती बहुधा भिंतीच्या मधोमध होत नाही. ती होते जिथे काही तरी भिंतीतून आरपार जाते तिथे, म्हणजे इनलेटचे (तलावात पाणी सोडणारे) पाइप, स्किमरचे (पाण्यावर तरंगणारा कचरा ओढून घेणाऱ्या झरोक्याचे) तोंड आणि पाण्याखालच्या दिव्याचा डबा. या सगळ्या वस्तू भिंतीच्या वरच्या अर्ध्या भागात असतात. म्हणून टाकी काठोकाठ भरावी आणि किमान सात दिवस तशीच ठेवावी. पहिले दोन दिवस कोरे काँक्रीट स्वतःच पाणी पिते, त्यामुळे त्या दोन दिवसांतल्या घटीवरून कोणाशी भांडू नये. मोजणी तिसऱ्या दिवसापासून धरावी.

त्यानंतर वाद सुरू होतो तो बाष्पीभवनाचा. आपल्या तलावाची पातळी एक मिलिमीटर उतरली, तर ३२ लिटर पाणी कमी होते. एप्रिलच्या उन्हात दिवसाला पाच-सहा मिलिमीटर पाणी सहज उडून जाते, म्हणजे दोनशे लिटरच्या जवळपास. हा आकडा ऐकून मालकाला गळतीची शंका येते आणि खरी गळती असेल, तर ठेकेदाराला उन्हावर बोट दाखवता येते. हा वाद एक साधी बादली मिटवते. तलावाच्या पायरीवर बादली ठेवावी, तिच्यात तलावातलेच पाणी बाहेरच्या पातळीइतके भरावे, बादलीच्या आत आणि बाहेर पेन्सिलीने खूण करावी आणि चोवीस तास हात लावू नये. ऊन आणि वारा दोन्ही पाण्यांना सारखाच लागतो. दुसऱ्या दिवशी बाहेरची खूण आतल्या खुणेपेक्षा जास्त उघडी पडली असेल, तर तेवढे पाणी जमिनीत गेले आहे.

गळती आहे हे कळल्यावर लगेच छिन्नी-हातोडा काढण्याची घाई करू नये. पाणी उतरू द्यावे. ते एखाद्या उंचीवर येऊन थांबले, तर दोष त्याच रेषेत आहे असे समजावे आणि त्या रेषेत काय काय बसवले आहे ते पाहावे. यंत्रे बसल्यानंतरची गळती असेल, तर पंप चालू ठेवून एक दिवस आणि बंद ठेवून एक दिवस मोजावे. चालू असताना घट वाढत असेल, तर तलावाकडे पाणी परत आणणाऱ्या पाइपवर पहिला संशय घ्यावा. दिव्याच्या डब्याबाबत एक खास गोष्ट सांगायला हवी. त्या डब्यातून वायरसाठी जाणारा कंड्युट पाइप आतून मोकळा असतो आणि पाणी त्यातून शांतपणे जंक्शन बॉक्सकडे चालू लागते. इलेक्ट्रिशियन म्हणतो हे काम प्लंबरचे, प्लंबर म्हणतो वायर माझी नाही. वायर ओढून झाल्यावर त्या कंड्युटचे तोंड इपॉक्सी पुटीने बंद करण्याची जबाबदारी दोघांपैकी एकावर लेखी टाकावी.

पाइपची तोंडे उघडी ठेवणे

लादीकाम आणि गिलावा चालू असताना इनलेटची तोंडे उघडी राहिली, तर सिमेंटचा रगडा त्यांत उतरतो आणि तिथेच घट्ट होतो. यावर साइटवरचा हमखास उपाय म्हणजे गोणपाटाचा बोळा. एका कामावर पंप चालू केल्यानंतर चारपैकी एका इनलेटमधून पाणी अगदीच रडतखडत येत होते. पंप बदलून पाहिला, व्हॉल्व्ह उघडून पाहिले. शेवटी प्लंबरने लवचीक सळी आत सरकवली, तेव्हा दीड फुटावर काही तरी मऊ लागले. आकडा घालून ओढल्यावर सिमेंटच्या गोणीचा करडा, चिकट तुकडा बाहेर आला, त्यावरच्या छपाईची दोन अक्षरे अजून वाचता येत होती. बोळा कोणी घातला हे अर्थातच कोणालाच आठवत नव्हते. पीव्हीसीच्या एंड कॅपला फार पैसे पडत नाहीत. प्रत्येक तोंडावर ती चिकटवून बसवावी आणि त्या स्थितीतच सगळी लाइन पाण्याने भरून दोन-तीन किलोच्या (प्रति चौरस सेंटिमीटर) दाबावर चोवीस तास ठेवावी. गेजचा काटा सायंकाळी आणि सकाळी एकाच जागी आहे याचा मोबाइलवर फोटो घ्यावा. माती भरण्याआधी पाइपशेजारी मीटरची टेप धरून काढलेले फोटो तर पुढच्या वीस वर्षांचा नकाशा ठरतात.

लादीची घाई

भिंत आणि तळ जिथे मिळतात, तो काटकोनी कोपरा वॉटरप्रूफिंगच्या लेपाला मानवत नाही. लेप तिथे पातळ बसतो आणि तिथेच तडकतो. म्हणून लेपाआधी सगळीकडे वाटा मारून कोपरा गोल करून घ्यावा. लेपाचे दोन हात झाल्यावर टाकी पुन्हा भरून पाहावी, हे सांगितले की लादीवाला हमखास नाराज होतो, कारण त्याची माणसे आलेली असतात. त्याला नाराज होऊ द्यावे.

लादी बसवताना साध्या सिमेंटच्या स्लरीवर भागवू नये. न्हाणीघरात ती चालून जाते. कायम पाण्याखाली राहणाऱ्या काचेच्या मोझॅकला मात्र पॉलिमरयुक्त अ‍ॅढेसिव्हच हवे, आणि काच पारदर्शक असेल, तर ते पांढरे हवे, नाही तर करणीचे फटकारे आरपार दिसतात. मोझॅकचे शीट विकत घेताना ते उलटे करून पाहावे. मागच्या बाजूला जाळी असेल, तर त्या जाळीचा गोंद पाण्यात विरघळणारा नाही ना, याची खात्री करावी. एक तुकडा रात्रभर बादलीत बुडवून ठेवला की सकाळी उत्तर मिळते. पुढून कागद असलेल्या शीटमध्ये ही भीती नसते, कारण तो कागद बसवल्यावर भिजवून काढूनच टाकायचा असतो. बसवलेल्या लाद्यांवर दुसऱ्या दिवशी नाण्याने टकटक करत फिरावे आणि जी पोकळ वाजेल तिच्यावर खडूची फुली मारावी.

पाण्याच्या रेषेवरच्या लादीत पातळीची चूक लपत नाही, कारण पाणी स्वतःच सर्वांत अचूक लेव्हल आहे. ८ मीटरच्या लांबीत एका टोकाला सेंटिमीटरभर फरक पडला, तरी तलाव कलल्यासारखा दिसतो. आणि काठावरून पाणी वाहणारा ओव्हरफ्लो तलाव असेल, तर दोन-तीन मिलिमीटरच्या फरकानेही पाणी एकाच बाजूने वाहते. तेव्हा पहिली ओळ लावण्याआधी लेसरने किंवा पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने चारही कोपरे स्वतः पाहावेत.

सांधे भरून झाले की एखादा बिगारी अ‍ॅसिडचा कॅन घेऊन हजर होतो. इपॉक्सी ग्राउटचा पांढुरका थर अ‍ॅसिडने जातच नाही. तो ओला असतानाच स्पंजाने पुसायचा असतो. सिमेंटचे ग्राउट मात्र अ‍ॅसिड खाऊन टाकते, स्टीलच्या शिडीला डाग पाडते आणि त्याची वाफ तलावाच्या खड्ड्यात साचून काम करणाऱ्याच्या छातीत जाते. सांधे भरल्यावर पाणी भरण्याआधी किती दिवस थांबायचे ते पिशवीवर छापलेले असते, साधारण एक ते दोन आठवडे. उद्घाटनाच्या पत्रिका छापण्याआधी ती पिशवी वाचावी.

भोवतालची फरशी

टाकीच्या बाहेरचा खड्डा भरताना खणलेली मातीच परत ढकलली जाते. पुणे-नाशिककडे ती काळी असेल, तर पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, आणि तिच्यावरची फरशी तिच्याबरोबर वरखाली होते. मुरूम आणावा, वीतभर जाडीचे थर द्यावेत, प्रत्येक थरावर पाणी मारून धुम्मस करावी. शक्य असल्यास फरशीआधी एक पावसाळा जाऊ द्यावा, हा माझा सल्ला आजवर एकाच मालकाने मानला आहे.

काठाचा दगड टाकीवर बसलेला असतो आणि फरशी मातीवर. दोन्हींची हालचाल वेगळी, म्हणून त्यांच्यामध्ये १० ते १२ मिलिमीटरची फट सोडून ती लवचीक सीलंटने भरावी लागते. गवंडी ती फट पाहतो, त्याला ती अपुरे काम वाटते आणि तो प्रामाणिकपणे सिमेंटने बुजवतो. मग वर्षभरात काठाचा दगड उचलला जातो. फरशीचा ढाळ तलावापासून बाहेरच्या बाजूला असावा, नाही तर पहिल्या सरीबरोबर बागेतली लाल माती पाण्यात येते. पॉलिश केलेला कोटा ओला झाला की निसरडा होतो आणि काळा कडप्पा दुपारी अनवाणी पायांना चटके देतो. खरखरीत पृष्ठभागाचा, फिक्या रंगाचा दगड निवडावा.

यंत्रघर आणि तळाची जाळी

सँड फिल्टरमध्ये बांधकामाची उरलेली वाळू भरलेली मी पाहिली आहे. त्याला अर्ध्या ते एक मिलिमीटरच्या आसपासची, चाळलेली सिलिका वाळू लागते. आपल्या तलावाचे सगळे पाणी सहा तासांत एकदा फिरावे असे धरले, तर पंप-फिल्टरची जोडी ताशी ६.४ घनमीटरची हवी. फिल्टरमधल्या पाण्याची दिशा बदलणाऱ्या मल्टिपोर्ट व्हॉल्व्हचा दांडा पंप चालू असताना कधीही फिरवू नये, आतली गास्केट फाटते. पाण्याखालचे दिवे १२ व्होल्टचेच असावेत आणि यंत्रघराला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज जमिनीत गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) असावा. त्याचे टेस्ट बटण पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर दाबून पाहावे.

तळाच्या निचऱ्याबाबत तडजोड नको. तिथे एकच सपाट जाळी असेल आणि ती पोहणाऱ्याच्या अंगाने झाकली गेली, तर पंपाची ओढ माणसाला सोडत नाही. अमेरिकेत २००२ मध्ये व्हर्जिनिया ग्रेम बेकर ही सात वर्षांची मुलगी अशाच ओढीत सापडून बुडाली आणि तिच्या नावाने २००७ मध्ये तिथे कायदा झाला. किमान तीन फुटांच्या अंतरावर दोन निचरे, दोन्ही एकाच पाइपला जोडलेले, आणि त्यांवर फुगीर, स्क्रूने घट्ट बसवलेल्या जाळ्या, एवढे तरी घरच्या तलावातही हवेच.

पहिले पाणी

भरणे सुरू केल्यावर मध्ये दिवसभर थांबू नये. भिंतीवर त्या पातळीची रेघ राहू शकते. बोअरच्या पाण्यात लोह असेल, तर क्लोरीन टाकताच ते चहासारखे होते. पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशी हे कळण्यापेक्षा एका बादलीत आधी करून पाहावे. नव्या सिमेंटमधला चुना पहिले काही आठवडे पाण्यात उतरत राहतो आणि पीएच वर सरकवतो. पीएच ७.५ असताना क्लोरीनचा साधारण निम्मा भाग खऱ्या कामाच्या रूपात असतो, ८ वर तो पावाच्या आसपास येतो. म्हणून पाणी हिरवट दिसू लागले की आणखी क्लोरीन ओतण्याआधी पीएच मोजावा आणि तो ७.२ ते ७.६ मध्ये आणावा; मोकळे क्लोरीन १ ते ३ पीपीएम पुरते. पहिला महिनाभर ही मोजणी रोजची. रसायन नेहमी पाण्यात टाकावे, रसायनावर पाणी ओतू नये. अ‍ॅसिड आणि क्लोरीन एका कपाटात ठेवू नयेत, आणि दाणेदार क्लोरीनचे माप टॅब्लेटच्या डब्यात बुडवू नये, कारण ही दोन क्लोरिने एकमेकांत मिसळली की पेट घेऊ शकतात.

पावसाळ्यात तलाव रिकामा करणे

एखादी लादी निघाली म्हणून जुलैत तलाव उपसण्याचा मोह कोकणात फार महागात पडतो. वीस सेंटिमीटर जाडीचा तळ, तेवढ्याच जाडीच्या दीड मीटर उंच भिंती, असा आपला तलाव रिकामा असताना सुमारे ३७ टन भरतो. त्याचे बाहेरचे माप ८.४ बाय ४.४ मीटर, म्हणजे ३७ चौरस मीटर. भोवतीच्या जमिनीतले पाणी तळाच्या एक मीटर वर आले की ते त्याला नेमके ३७ टनांनीच वर ढकलू लागते. त्यापुढे टाकी होडीसारखी उचलली जाते आणि पाइप तुटतात. यासाठी तळाच्या निचऱ्यात बाहेरचा दाब वाढला की उघडणारा एक छोटा व्हॉल्व्ह बसवतात. शेवटच्या दिवशी निचऱ्याची जाळी काढून तो बोटाने दाबून पाहावा, कारण लादीवाल्याने उरलेल्या ग्राउटने तो व्यवस्थित बुजवलेला असण्याची शक्यता बरीच असते.