असायक्लोव्हिर हे औषध हर्पिसच्या व्हायरसला अडवतं का, हे प्लेटमध्ये कसं बघायचं

आधी व्हेरो सेल्सचा थर नीट दाट होऊ द्या, आफ्रिकन ग्रीन मंकीच्या किडनीतून 1962 मध्ये जपानात काढलेल्या या सेल्स, थर विरळ राहिला तर पुढचं सगळं वाया जातं म्हणून घाई नकोच. मग हूडखाली, म्हणजे हवा गाळणाऱ्या सुरक्षित कपाटात, हर्पिसचा व्हायरस अगदी थोडा टाका, तासभर चिकटू द्या, उरलेला काढून वरून घट्टसर मीडियम (सेल्सचं पोषक द्रव) ओता, प्रत्येक वेलमध्ये, म्हणजे प्लेटच्या खळग्यात, असायक्लोव्हिरचा वेगळा डोस. एक वेल औषधाशिवाय ठेवा आणि एकात व्हायरस न टाकता फक्त औषध, हा दुसरा कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीची वेल, बरेच जण विसरतात आणि मग सेल्स औषधानेच मेल्या तरी कळत नाही!

दोन-तीन दिवसांनी क्रिस्टल व्हायोलेटने रंगवा. जांभळ्या थरात पांढरी गोल भोकं दिसतात ते प्लाक, म्हणजे व्हायरसने सेल्स मारलेल्या जागा, ते मोजा, औषधाशिवायच्या वेलपेक्षा ज्या डोसला निम्मे होतात तो आपला आकडा.

आणि आत काय होतं ते तर मला फारच आवडतं, व्हायरसचंच थायमिडीन कायनेज हे एन्झाइम या औषधाला फॉस्फेट लावून जागं करतं, मग ते व्हायरसच्या डीएनएत जाऊन बसतं आणि साखळी तिथेच थांबते. निरोगी सेलमध्ये असं जवळजवळ होतच नाही.